फ्लॉवर-मटारचा पास्ता, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

घरात फ्लॉवरचा एक गड्डा, वाटीभर सोललेला मटार आणि पास्त्याचं एक पाकीट असलं की पाऊण तासाच्या आत रात्रीचं गरम जेवण होतं. क्रीम लागत नाही, चीजचे क्यूब लागत नाहीत, बाटलीतला सॉसही लागत नाही. इंदूरला डिसेंबर-जानेवारीत चोइथराम मंडीतून फ्लॉवर आणि बटला (मटाराला इथे सगळे बटलाच म्हणतात) शहरभर स्वस्तात मिळू लागतो. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी हा पास्ता होतो.

पदार्थ मुळात सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहराचा. तिथे फ्लॉवर मऊ उकडतात, त्याच पाण्यात पास्ता शिजवतात आणि मग दोन्ही कढईत इतकं ढवळतात की फ्लॉवर विरघळून पास्त्याला लपेटून बसतो. त्याच्या नावातल्या 'अरिमिनाती' या शब्दाचा तिथल्या बोलीतला अर्थच मुळी 'ढवळलेला'. मूळ पदार्थात खारवलेली बारीक मासळी, बेदाणे, चिलगोजे आणि केशर असतं. मासळी आणि केशर मी वगळते, चिलगोज्यांऐवजी चारोळी घेते आणि मटार माझ्या मनाने घालते. बाकी रीत तिथलीच.

इथेच इंदूरच्या भंवरकुआँ भागात खोली घेऊन राहणारी माझी भाची परवा म्हणाली, "मावशी, माझा पास्ता एक तर चिकट लगदा होतो, नाही तर कोरडा ठक्क." बहुतेकांचं असंच होतं, आणि त्याची कारणं दोन-तीनच आहेत. पास्ता उकळल्यावर जे पाणी आपण मोरीत ओततो, त्यातच अर्धा पदार्थ वाहून जातो. पुढे जे सांगते आहे ते मुख्यतः त्या पाण्याबद्दल आहे.

काय काय लागेल (दोन माणसांना)

पास्ता १६० ग्रॅम, म्हणजे माणशी ८० ग्रॅम. फ्लॉवरचे तुरे ३०० ग्रॅम. सोललेला मटार एक वाटी. एक लहान कांदा, लसणाच्या तीन पाकळ्या, एक सुकी लाल मिरची. तेल तीन मोठे चमचे. बेदाणे आणि चारोळी प्रत्येकी एक मोठा चमचा. शिळ्या ब्रेडच्या दोन कापा किंवा एक शिळा पाव. मीठ, ताजी कुटलेली मिरी, अर्धं लिंबू.

भांड्यांत एक मोठं पातेलं, एक पसरट कढई, झारा, चाळणी आणि एक वाटी. ही वाटी कशासाठी ते सातव्या पायरीत येईल, पण ती आत्ताच काढून ओट्यावर ठेवा. ऐन वेळी ती हाताशी सापडत नाही.

१. पाकीट वाचून घ्या

पास्ता मैद्याचाही मिळतो आणि ड्युरम गव्हाच्या रव्याचाही. मैद्याचा स्वस्त असतो, दिसायला पांढुरका, आणि शिजताना बाहेरून विरघळतो तरी आत कच्चा राहतो. पाकिटावर 'ड्युरम व्हीट सेमोलिना' किंवा 'ड्युरम गव्हाचा रवा' असं लिहिलेलं पाहूनच घ्या. इटलीत तर तिथे बनणारा सुका पास्ता ड्युरमचाच असला पाहिजे असा कायदा १९६७ पासून आहे.

हा ड्युरम म्हणजे काही परका गहू नाही. माळव्यात त्याला मालवी किंवा कठिया म्हणतात, महाराष्ट्रात बन्सी. आपण लाडूला बन्सी रवा आणतो तो हाच. इथले दाल-बाफले याच्याच जाडसर पिठाचे खमंग होतात. भारतीय कृषी संशोधन संस्थेचं गव्हाचं प्रादेशिक केंद्र इंदूरलाच आहे, आणि मालवशक्ती, पोषण, पूसा तेजस या ड्युरमच्या जाती तिथूनच आलेल्या. दाणा टणक, पिवळसर, प्रथिनं जास्त. म्हणून उकळत्या पाण्यात दहा मिनिटं राहूनही तो आकार सोडत नाही. पोळीला मात्र हाच गुण आडवा येतो, तिथे शरबतीच हवा.

आणखी एक खूण. पास्त्याचा एक तुकडा बोटांत धरून पाहा. खरखरीत, पीठ भुरभुरल्यासारखा दिसला तर तो ब्राँझच्या साच्यातून काढलेला आहे. काचेसारखा गुळगुळीत असला तर टेफ्लॉनच्या. पितळी सोऱ्याची चकली आणि प्लास्टिकच्या सोऱ्याची चकली यांच्या अंगात जो फरक दिसतो, तोच हा. खरखरीत पास्त्याला रस धरून राहतो. मिळाला तर तो घ्या, पण त्यासाठी दुकानं पालथी घालू नका. साधा ड्युरमचा पेने (नळीसारखा) किंवा फुझिली (पिळाचा) कुठल्याही किराण्यात मिळतो, आणि या पदार्थाला तो चालतो.

आकारांची इटालियन नावं ऐकून नवखे बिचकतात. पेने म्हणजे लेखणी, फारफाले म्हणजे फुलपाखरं, ओरेकिएत्ते म्हणजे इवलेसे कान. आपल्याकडे लग्नाच्या रुखवतासाठी गव्हले, नखुल्या, मालत्या वळतात. नखुलीला नखाने खळगी पाडतात तशी ओरेकिएत्तेला अंगठ्याने पाडतात. आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एक ओरेकिएत्ता उचलला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "ही तर नखुलीच आहे, जरा ढोबळ." त्या दिवसापासून त्यांना पास्ता परका वाटेनासा झाला.

२. ब्रेडचा चुरा भाजून ठेवा

हे सगळ्यात आधी, कारण नंतर याला वेळ मिळत नाही. शिळा ब्रेड हाताने चुरा. मिक्सरमध्ये अगदी पीठ करू नका, रव्यापेक्षा जाड राहू द्या. कढईत एक चमचा तेल घालून मंद आचेवर परतत राहा. आधी चुरा तेल पिऊन ओलसर होतो, मग हळूहळू हलका होतो, आणि उलथण्याखाली त्याचा आवाज वाळूसारखा सुळसुळीत येऊ लागतो. बदामी रंग आला की लगेच ताटलीत काढा. गरम कढईत राहू दिला तर अर्ध्या मिनिटात काळवंडतो.

दक्षिण इटलीतल्या गरीब घरांत चीज परवडत नसे, तेव्हा पास्त्यावर हा चुरा भुरभुरत. आज तो आवडीने घालतात. आपल्याकडच्या शाकाहारी घरांसाठी हे फार सोयीचं आहे, कारण अस्सल पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या पाचक द्रव्याने विरजतात. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं. चीज घालायचंच असेल तर पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्या.

३. पाणी आणि मीठ

इटालियन हिशेब १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ असा आहे. १६० ग्रॅमसाठी मी दीड लिटर पाणी आणि दोन सपाट चहाचे चमचे मीठ घेते. पाणी थोडं कमी ठेवलं की ते जास्त दाट होतं, आणि ते आपल्याला पुढे हवं आहे. मिठाचा आकडा वाचून घाबरू नका, बरंचसं पाण्यातच राहतं. पण हे मीठ वगळून नंतर वरून घालाल, तर पास्ता आतून अळणी आणि बाहेरून खारट लागेल.

पाण्यात तेल घालायचं नाही. तेल वरच तरंगतं, आणि निथळताना पास्त्याला लागून बसतं. मग रस त्यावरून घसरून जातो.

४. फ्लॉवर त्याच पाण्यात

फ्लॉवरचे तुरे कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, अळी असली तर वर येते. दांडे टाकू नका. वरची जाड साल काढून बारीक चिरा आणि तुऱ्यांबरोबरच घ्या.

पाणी खळखळून उकळलं की तुरे सोडा. भाजीसाठी आपण फ्लॉवर जरा करकरीत ठेवतो, इथे तसं करायचं नाही. आठ-नऊ मिनिटांनी तुरा झाऱ्यावर घेऊन चमच्याने दाबला तर सहज चिरडला पाहिजे. मग झाऱ्याने सगळे तुरे काढून घ्या. पाणी ओतू नका, गॅसही बंद करू नका. ते फिकट हिरवट, फ्लॉवरच्या वासाचं पाणीच पुढे लागणार आहे.

५. कढईतली तयारी

ही पायरी फ्लॉवर उकळत असतानाच सुरू करा. इथे आपली फोडणीची सवय आडवी येते. तेल धूर निघेपर्यंत तापवायचं नाही. थंड तेलात ठेचलेला लसूण आणि मोडलेली लाल मिरची घाला आणि मगच मंद गॅस लावा. लसणाभोवती बारीक बुडबुडे येतील, तो पांढऱ्याचा सोनेरी होईल. तपकिरी झाला तर कडू झाला. तो काढून टाका आणि पुन्हा सुरुवात करा, कारण ती कडू चव पुढे कशानेही झाकली जात नाही.

बारीक चिरलेला कांदा आणि चिमूटभर मीठ घालून सात-आठ मिनिटं मऊ होऊ द्या. मग मटार, बेदाणे, चारोळी आणि पातेल्यातलं पळीभर पाणी घालून झाकण ठेवा. ताजा कोवळा मटार चार-पाच मिनिटांत शिजतो, जून असला तर आठ-दहा लागतात. मग उकडलेला फ्लॉवर घालून पळीच्या पाठीने चिरडा. निम्मा अगदी गाळ होऊ द्या, निम्म्याचे तुरे जरा ओळखू येऊ द्या. हळद नको, गरम मसाला नको. जिरं-मोहरीही नको. एकदा तरी बिनमसाल्याचं करून पाहा. मटाराची आणि बेदाण्याची गोडी मिरीच्या तिखटाशी कशी जुळते ते तेव्हाच कळतं.

तेल कुठलं? ऑलिव्ह ऑइल असेल तर उत्तम. नसेल तर शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं चालतं. महागडं एक्स्ट्रा व्हर्जिन आणलंच असेल तर ते सगळं कढईत तापवू नका, शेवटी कच्चंच एक चमचा वरून घाला, वास टिकतो.

६. पास्ता सोडा, आणि कणीवर लक्ष ठेवा

फ्लॉवरच्या त्याच उकळत्या पाण्यात पास्ता सोडा. पहिलं मिनिटभर ढवळा, तेवढ्या वेळातच तुकडे एकमेकांना चिकटतात. झाकण ठेवू नका, उतू जाईल.

पाकिटावरची वेळ समुद्रसपाटीची असते. इंदूर साडेपाचशे मीटर उंचावर आहे, इथे पाणी साधारण ९८ अंशांवर उकळतं, म्हणून मिनिटभर जास्त लागू शकतो. पण घड्याळापेक्षा कणीवर भरवसा ठेवा. पाकिटावर दहा मिनिटं लिहिली असतील तर आठव्या मिनिटापासून दर मिनिटाला एक तुकडा काढून सुरीने आडवा कापून पाहा. मधोमध पांढरा ठिपका किंवा पांढरी रेघ दिसते. भाताला राहते ना, तशी कणी. ती अगदी बारीक, टाचणीच्या टोकाएवढी उरली की काढायची वेळ झाली. पास्ता उरलेला कढईत शिजणार आहे. पातेल्यातच बोटचेपा होऊ दिलात तर कढईत त्याचा लगदा होईल.

इटालियन लोक 'आल देन्ते' म्हणतात, म्हणजे दाताला लागेल असा. घरात दात नसलेलं वडीलधारं माणूस असेल तर त्यांच्यापुरता वाटीभर पास्ता आणखी तीन मिनिटं शिजवून वेगळा काढा. आमच्या आईंचा मी तसाच काढते.

७. पाणी काढून ठेवा

चाळणीत ओतण्याआधी ओट्यावरची ती वाटी पातेल्यात बुडवा आणि दोन वाट्या भरून पाणी बाजूला ठेवा. पहिल्या काही वेळा मी हे विसरले आणि पास्ता दर वेळी कोरडा झाला.

या गढूळ पाण्यात पास्त्याचं स्टार्च सुटलेलं असतं. आपली पेजच म्हणा ना. नुसतं पाणी आणि तेल एकत्र येत नाहीत, पण हे स्टार्च दोघांना धरून ठेवतं आणि त्यातून दाटसर रस तयार होतो. क्रीमचं काम हे पाणी करतं.

मग पास्ता निथळा. थंड पाण्याखाली अजिबात धरू नका. मोकळा राहावा म्हणून पुष्कळ जण धुतात, पण त्यात अंगावरचं सगळं स्टार्च निघून जातं. मोकळा भात करतो तसा मोकळा पास्ता आपल्याला नकोच आहे.

८. ढवळा

निथळलेला पास्ता लगेच कढईत घाला, गॅस मोठा करा, वाटीतलं पाऊण वाटी पाणी ओता आणि ढवळत राहा.

इथे दोन मिनिटं कढईजवळून हलू नका. सुरुवातीला सगळं वेगवेगळं दिसतं. तळाशी पाणी, वर तेलाचे पिवळे मणी, मधे फ्लॉवरचा चुरा. मिनिटभर ढवळलं की मणी बारीक होत दिसेनासे होतात आणि पाणी दुधट होतं. मग आवाज बदलतो. आधीचा चुळचुळ आवाज जाऊन ओला, चिकट फतफत असा येतो. पळी तळावरून ओढली तर मागे वाट उमटते आणि सावकाश भरून येते. तेवढ्यात गॅस बंद करा. वाट भरतच नसेल तर आणखी दोन चमचे पाणी घाला. ताटात वाढल्यावर पास्ता रस पिऊन घेतोच, म्हणून कढईत तो जरा सैलच ठेवा.

आता लिंबू पिळा, मिरी घाला, चव पाहून मगच मीठ. पाणी आधीच खारट होतं हे लक्षात असू द्या.

९. वाढताना

पोहे जसे कढईतून थेट बशीत जातात तसाच हा. आधी माणसं पानावर बसवा, मग पास्ता वाढा. चुरा वाढल्यावरच वरून घाला, कढईत घातला तर मऊ पडतो.

हिरवं काही घालावंसं वाटत असेल तर कोथिंबीर टाळा, ती सगळ्यावर कुरघोडी करते. देवघरापुढची तुळसही नको, तिचा लवंगेसारखा उग्र वास इथे बसत नाही. इटालियन बेझिल म्हणजे आपला सब्जा. फालुद्यात घालतो ते बी याच जातीच्या झाडाचं. किराण्यातून मूठभर सब्जा आणा, कुंडीत पेरा, वर बोटाच्या पेरापेक्षा कमी माती ठेवा. ऊबदार दिवस असतील तर आठवडाभरात उगवतो. इटालियन वाणापेक्षा वास जरा वेगळा येतो, पण ताजी चार पानं हाताने तोडून घातली की पुरतं.

एकाच शेगडीवर किंवा इंडक्शनवर करणाऱ्यांसाठी

खोलीत एकच इंडक्शन असेल तर क्रम थोडा बदला. चुरा भाजून घ्या. मग पातेल्यात फ्लॉवर उकडून बाहेर काढा आणि पातेलं तसंच झाकून खाली उतरवून ठेवा. कढईतली पाचवी पायरी पूर्ण करून कढई बाजूला ठेवा. आता पातेलं परत चढवा, उकळी आणा, पास्ता शिजवा, दोन वाट्या पाणी काढा आणि शेवटी कढई पुन्हा गरम करून आठवी पायरी करा. कढईतली भाजी अर्धा तास थांबू शकते, पास्ता पाच मिनिटंही थांबत नाही. भाचीला हा क्रम फोनवर सांगितला होता. रात्री तिने रिकाम्या कढईचा फोटो पाठवला.

फ्लॉवरचा मोसम संपल्यावर

उन्हाळ्यात गिलकी, म्हणजे घोसाळी, घ्या. साल खरवडून गोल चकत्या करा आणि उकडण्याऐवजी थेट कढईत झाकण ठेवून शिजवा. तिचं स्वतःचं पाणी पुष्कळ सुटतं, म्हणून पास्त्याचं पाणी अर्धीच वाटी लागतं. पावसाळ्यात इथे भुट्टे येतात. कणसाचे दाणे किसणीवर किसून घेतले तर त्या दुधाळ गरानेच रस दाट होतो. टोमॅटो घालायचा असेल तर अर्धा कापून कापलेल्या बाजूने किसा, गर खाली पडतो आणि साल हातात राहते. आपला गावरान टोमॅटो आंबट असतो, त्याला पंधरा मिनिटं मंद आचेवर तेल सुटेपर्यंत शिजू द्या आणि मग लिंबू वगळा.

उरला तर

फ्रिजमध्ये ठेवलेला पास्ता सकाळी घट्ट गोळा होतो. त्याला मायक्रोवेव्हमध्ये नुसता गरम करू नका, रबरासारखा होतो. तव्यावर चमचाभर तेल घालून तो थालीपिठासारखा थापा, झाकण न ठेवता मंद आचेवर राहू द्या आणि खालची बाजू तांबूस, कुरकुरीत झाली की उलथण्याने उलटा. आईंना रात्रीच्या पास्त्यापेक्षा हा जास्त आवडतो. कडेची कुरकुरीत भाजली गेलेली टोकं त्या मोडून आधी नातवाला देतात आणि मधला मऊ भाग दह्याबरोबर स्वतः खातात.